थंडी सकाळची आहे, दिवसाची नाही : हिवाळ्यात गावात राहून अंग हलतं कसं ठेवायचं

दिवाळी झाली की आमच्या गावात पंचवीस-तीस माणसं सकाळी फिरायला निघतात. नवे बूट, नवी कानटोपी, पाच वाजताचा गजर. डिसेंबर लागला की ती दहावर येतात आणि संक्रांतीपर्यंत पांदण रस्त्यावर आम्ही तिघं-चौघंच उरतो. बाकीचे शेकोटीभोवती बसलेले असतात. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, आता निवृत्त आहे, आणि गेली सहा वर्षं गावातल्या मोठ्या माणसांना सोबत घेऊन व्यायाम करतो. या सहा हिवाळ्यांत मला एक गोष्ट पक्की कळली. लोक आळशी आहेत म्हणून व्यायाम सुटतो हे खरं नाही. वेळ चुकीची निवडतात म्हणून सुटतो.

पहाटे उठण्याचा हट्ट आपण उन्हाळ्यातून उचलला आहे. एप्रिल-मे महिन्यांत सात वाजता ऊन चटके देतं, तेव्हा पाचला उठणं शहाणपणाचंच. तोच हट्ट जानेवारीत धरला की आठ दिवसांत सर्दी, पंधरा दिवसांत कंटाळा, आणि मग "आता होळीनंतर पाहू". तोवर पोट सुटतं, गुडघे आखडतात, साखर वाढते.

सगळ्यात आधी घड्याळ बदला

आपला विदर्भ समुद्रापासून लांब. हिवाळ्यात हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असतं. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता सोडत राहते आणि सूर्य उगवेपर्यंत गार होत जाते. त्यामुळे सगळ्यात कडक हिव मध्यरात्री नसतं, दिवस उगवायच्या सुमारास असतं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तसे दिवस क्वचित येतात. पण सकाळी नऊ-दहा अंश आणि दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस, हा आपला नेहमीचा हिवाळा आहे. म्हणजे एकाच दिवसात स्वेटर घालण्याचं आणि स्वेटर काढण्याचं, दोन्ही हवामान मिळतं.

डिसेंबरअखेर ते जानेवारीत आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो. म्हणून माझा सल्ला असा : नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सकाळी साडेसात ते नऊ, नाहीतर दुपारी चार ते साडेपाच, यातली एक वेळ धरा. पहाटे गावावर धुराचा थर असतो. चुली पेटलेल्या, शेकोट्या पेटलेल्या, आणि गार हवेमुळे धूर वर न जाता खालीच साचून राहतो. ऊन चढलं की तो विरतो. दमेकऱ्यांनी तर पहाटेचं नाव काढू नये.

संध्याकाळची वेळ मला स्वतःला जास्त आवडते. दिवसभराच्या कामाने सांधे मोकळे झालेले असतात आणि अंग आधीच गरम असतं. सकाळी जनावरं, दूध, मुलांचे डबे या धबडग्यात ज्या बायांना दहा मिनिटंही मिळत नाहीत, त्यांना चार वाजता अर्धा तास निघतो.

कुणी आधी तपासून घ्यायचं

थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे बीपी चढतं. त्यातून पांघरुणातून उठून एकदम जोरात चालायला लागलं तर हृदयावर अचानक ताण येतो. बीपी, साखर किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा वय पन्नासच्या पुढे आहे आणि वर्षानुवर्षं व्यायाम केलेला नाही, तर उपकेंद्रात जाऊन बीपी मोजून घ्या. आशाताईंना विचारलं तर दिवस-वेळ त्या सांगतात. हिवाळ्यात गोळी मनाने बंद करू नका आणि वाढवूही नका, ते काम डॉक्टरांचं.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी लांब चालायला जाऊ नका, आणि खिशात गुळाचा खडा किंवा दोन चॉकलेट असू द्या. एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. जुन्या साखरेने पायाची जाणीव कमी होते. असा माणूस फिरून येतो, गार पाय शेकोटीकडे धरतो, त्याला चटका कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी तळव्याला फोड दिसतो. ती जखम महिनोन् महिने भरत नाही. साखर असलेल्यांनी पाय विस्तवावर शेकू नयेत, लोकरीचे मोजे घालावेत.

दुसरं, सिकलसेल, म्हणजे रक्ताचा एक आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, आपल्या या पट्ट्यात हा आजार बऱ्याच घरांत आहे. सिकलसेलच्या रुग्णाला थंडी, कमी पाणी आणि अंगापेक्षा जास्त श्रम, या तिन्हींमुळे हाडं-सांधे ठणकण्याचा झटका येऊ शकतो. पहाटेच्या व्यायामात या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. असं मूल शाळेत असेल तर ते खेळेल, जरूर खेळेल, पण ऊन चढल्यावर, अंगात उबदार कपडे घालून, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी पिऊन, आणि दमलं की लगेच बसायची मुभा घेऊन. शिक्षकांना ही गोष्ट आईवडिलांनी स्वतः जाऊन सांगावी. मी नोकरीत होतो तेव्हा अशी मुलं पहाटेच्या सरावात उभी केली जाताना पाहिली आहेत. कुणाला माहीतच नव्हतं.

अंगावर काय

एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे. आत बनियन, वर सदरा, त्यावर स्वेटर. चालताना घाम यायला लागला की स्वेटर काढून कमरेला बांधा. ओलं बनियन अंगावर ठेवून थांबलं की गारठा भरतो, म्हणून घरी आल्याबरोबर आतला कपडा बदला, मगच चहा. डोकं-कान दुपट्ट्याने बांधा. दुपट्टा नाकावरून घेतला तर आत जाणारी हवा जरा गरम होते, दम्याच्या माणसाला त्याने पुष्कळ फरक पडतो. पायात बूट हवेत. स्लिपर घालून भरभर चालता येत नाही, आणि टाचांच्या भेगा उघड्या राहतात. रात्री पाय धुऊन, पुसून, भेगांत खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळून मोजे घालून झोपा.

आंगणातली दहा मिनिटं

ही पायरी लोक गाळतात, म्हणून इथे जरा थांबतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, एका जानेवारीत, मी सकाळी साडेसहाला नववीच्या मुलांना थेट शंभर मीटर पळवलं. घाई होती, स्पर्धा तोंडावर होती. चौथ्या मुलाने निम्म्यात मांडी धरली आणि खाली बसला. मांडीच्या मागचा स्नायू दुखावला होता. तो मुलगा तीन आठवडे लंगडत शाळेत आला आणि मी रोज त्याच्याकडे पाहत होतो. चूक माझी होती. गार स्नायू ताठ असतो, त्याला आधी ऊब द्यावी लागते. त्या दिवसापासून मी हिवाळ्यात दहा मिनिटांखाली कुणाला सोडत नाही.

आंगणात किंवा ओसरीवरच उभे राहा. आधी दोन मिनिटं जागच्या जागी चाला, पावलं हलकी, हात मोकळे सोडलेले. मग खांदे मागच्या बाजूने दहा वेळा फिरवा आणि नंतर पूर्ण हात, रहाटासारखे, आधी लहान गोल आणि मग मोठे. मान गोल गरगर फिरवू नका. डावीकडे पाहा, उजवीकडे पाहा, हनुवटी छातीकडे आणा, एवढं पुरे. कमरेवर हात ठेवून कंबर चक्कीसारखी दोन्ही बाजूंनी आठ-आठ वेळा फिरवा. भिंत धरून एकेक पाय पुढे-मागे झुलवा, दहा-दहा वेळा. मग पायरीच्या कडेला चवडे टेकवून टाचा वर-खाली, पंधरा वेळा. पोटऱ्या गरम झाल्या की कळतं. शेवटी दहा अर्ध्या बैठका, जेवढं सहज वाकता येईल तेवढंच.

ऊब आली की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. हाताचे तळवे गरम लागतात आणि स्वेटर नकोसा वाटायला लागतो. तळवे अजून गार असतील तर आणखी तीन मिनिटं तिथेच चाला.

ताण देऊन स्नायू लांबवण्याचे प्रकार, पायाची बोटं धरणं वगैरे, व्यायाम झाल्यावर करायचे. गारठलेल्या अंगाने ते करू नका.

चालणं किती आणि कसं

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम सांगितला आहे, आणि शिवाय दोन दिवस ताकदीचा. आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास चाललं की दीडशे मिनिटं होतात. एकदम अर्धा तास जमत नसेल तर सकाळी पंधरा आणि संध्याकाळी पंधरा मिनिटंही चालतात.

मध्यम गती म्हणजे चालताना सोबत्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं सहज निघत असेल तर वेग वाढवा. दोन शब्दांनी दम लागत असेल तर कमी करा. पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटं, मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. जाताना वाऱ्याच्या तोंडावर आणि येताना वारा पाठीवर असा रस्ता धरला तर घाम आलेलं अंग परतीच्या वाटेवर गार पडत नाही.

रस्त्याबद्दल मी फार काटेकोर आहे. डांबरी रस्त्यावर उजव्या बाजूने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. हे कापूस वाहण्याचे दिवस. भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही, त्यात धुकं. फिकट रंगाचा कपडा घाला आणि जमेल तर डांबरी रस्ता सोडून शाळेच्या मैदानात फेऱ्या मारा. जंगलालगतच्या गावांत, चंद्रपूर-गडचिरोली-भंडाऱ्याकडे किंवा आमच्याकडे टिपेश्वरच्या बाजूला, उजाडण्याआधी आणि दिवस मावळल्यावर एकट्याने पांदणीला जाऊच नये. वाघ-बिबट्याची ये-जा त्याच वेळी असते, आणि रानडुक्कर हरभऱ्यातून कधी निघेल सांगता येत नाही. घोणससुद्धा हिवाळ्यात फिरते, गवताळ धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अंधारात पाय टाकू नका. साडेसातच्या वेळेचा हाही एक फायदा.

ताकदीचा व्यायाम

आपल्या भागाला व्यायामाची मोठी परंपरा आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झालं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या चमूने जर्मनीत जाऊन आपले देशी खेळ दाखवले. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, लेझीम यांना कुठलं यंत्र लागत नाही आणि पैसे लागत नाहीत. ग्रामपंचायतीने बसवलेली खुली व्यायामशाळा असेल तर उत्तमच, पण सकाळी त्या लोखंडी दांड्या बर्फासारख्या असतात, म्हणून ती संध्याकाळी वापरा.

आठवड्यातून दोन-तीन दिवस, एकाआड एक. सूर्यनमस्कार सहापासून सुरू करा, महिन्याभरात बारावर या. जोर जमत नसतील तर भिंतीवर हात टेकून उभ्याने जोर काढा, मग ओट्यावर, मग जमिनीवर. बैठका गुडघ्याला झेपतील तेवढ्याच. गुडघे दुखणाऱ्यांनी खाटेच्या काठावर बसून हाताचा आधार न घेता उठावं, परत बसावं, दहा वेळा. दोन हातांत पाण्याच्या दोन सारख्या बादल्या धरून आंगणाच्या चार फेऱ्या मारल्या की खांदे, पकड, पोट, पाठ, सगळ्यांना काम मिळतं. सुरुवातीला बादल्या अर्ध्याच भरा.

"आम्ही दिवसभर वावरात राबतो, आम्हाला कशाला व्यायाम?"

हा प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो आणि तो रास्त आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई सकाळी नऊला पऱ्हाटीत शिरते ती पाचला निघते. कमरेला ओटी, दोन्ही हात बोंडांवर, आणि पाठ सगळा वेळ पुढे वाकलेली. तिचं चालणं भरपूर होतं, तिला आणखी चालायला सांगणं हा अन्याय आहे. तिच्या पाठीला मात्र उलट दिशेचा व्यायाम हवा असतो, आणि तो वावरातच होतो.

आमच्या शेजारच्या वहिनींना मी हा शिकवला. एक तास पूर्ण झाला की त्या ओटी रिकामी करायला धुऱ्यावर येतात. तिथे पाय खांद्याइतके फाकवून उभ्या राहतात, दोन्ही तळहात कमरेवर मागून टेकवतात, अंगठे पुढे, आणि सावकाश मागे वाकतात. नजर आभाळाकडे. तीन मोजेपर्यंत थांबतात आणि सरळ होतात. असं पाच वेळा. मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन बोटं गुंफतात, तळवे वर करतात आणि अंग वर ताणून देतात. मग मुठी दहा वेळा उघडझाप, कारण बोंडांच्या टोकांनी बोटं आखडलेली असतात. सगळं मिळून दोन मिनिटं. पहिल्या दिवशी सोबतच्या बाया पाहत उभ्या राहिल्या, आठवडाभरात सगळी ओळ एकदम मागे वाकायला लागली. मागे वाकताना पायात कळ किंवा मुंग्या गेल्या तर थांबा आणि दवाखान्यात दाखवा.

गाठोडं उचलताना कमरेतून वाकू नका. खाली बसा, गाठोडं अंगाशी घ्या, पायांच्या जोरावर उठा. डोक्यावर द्यायला दुसरं माणूस बोलवा.

रात्री ओलिताला जाणाऱ्या शेतकऱ्यांबद्दल मला फार वाटतं. विजेची पाळी रात्रीची, हरभऱ्याला पाणी द्यायचं, मध्यरात्री गार चिखलात पाय. त्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायामाला येऊ नये, झोप पूर्ण करावी. ओलिताला जाताना गमबूट, सुके मोजे आणि कोरडा दुपट्टा पिशवीत असावा. मोटर चालू असताना एका जागी कुडकुडत बसण्यापेक्षा दर पंधरा मिनिटांनी उठून कोरड्या जागेवर टाचा वर-खाली कराव्या, हात फिरवावे. शेकोटी जरूर पेटवा, पण मोकळ्यावर. बंद झोपडीत विस्तव ठेवून झोपणं जिवावर बेतू शकतं.

घरातली म्हातारी माणसं

आजी-आजोबा हिवाळ्यात पांघरुणातच राहतात आणि वसंत येईपर्यंत त्यांचे पाय निकामी व्हायला लागतात. त्यांना नऊनंतर ओसरीवर उन्हात खुर्ची टाकून द्या. बसल्या बसल्या पाय गुडघ्यातून सरळ करणं, घोटे फिरवणं, हात वर नेणं, प्रत्येकी दहा वेळा. मग खुर्चीची पाठ धरून उभं राहायचं आणि एक पाय जरा उचलून दहा मोजायचं, मग दुसरा. ही तोल सांभाळण्याची सवय आठवड्यातून तीन दिवस तरी हवी, कारण या वयात पडणं फार महाग जातं. पहिले काही दिवस शेजारी कुणीतरी उभं राहा. नातवाला हे काम द्या, दोघांनाही आवडतं.

भरतीची पोरं

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, त्यासाठी पोरं पहाटे चारलाच रस्त्यावर असतात. त्यांची जिद्द मला मनापासून आवडते. माझं एवढंच सांगणं : वेगाचा सराव ऊन चढल्यावर मैदानात करा, पहाटे धावायचंच असेल तर संथ धावा, आणि रस्त्यावर कानात इअरफोन नको.

पाणी आणि खाणं

थंडीत तहान लागत नाही, पण कोरड्या हवेत अंगातलं पाणी जातच असतं. निघण्याआधी एक पेला कोमट पाणी, आल्यावर एक. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय असं समजा.

खायला आपला हिवाळा भरलेला आहे. ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, वांग्याचं भरीत, जवसाची चटणी, हरभऱ्याची भाजी, पेरू, आवळा, संत्री. स्नायूंना लागणारं बरंच काही यात आहे. डिंकाचा किंवा मेथीचा लाडू व्यायाम केलेल्याने एक खावा. चार खाऊन शेकोटीला बसलं की तोच लाडू पोटावर चढतो. साखर असलेल्यांनी लाडवाऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे घ्यावेत.

कधी थांबायचं

छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळा दम, यातलं काहीही झालं तर तिथेच बसा, हाक मारा, १०८ ला फोन लावा. "गॅस असेल" म्हणून घरापर्यंत चालत येऊ नका. नुसती सर्दी असेल तर हलकं चालायला हरकत नाही. ताप किंवा छातीत कफ असेल तर पूर्ण विश्रांती.

नेम टिकवायचा तर सोबत धरा

एकट्याचा नेम थंडीत मोडतो. आपल्या कितीतरी गावांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी होते आणि तिला येणारी माणसं ठरलेली असतात. आम्ही त्याच मंडळींना तासभर आधी बोलवायला लागलो : आधी पाऊण तास चालणं, मग हातपाय धुऊन प्रार्थना. प्रार्थना कुणी चुकवत नाही, त्यामुळे चालणंही चुकत नाही. २० डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला गावात झाडू निघतात. त्या दिवशी दीड तास झाडणं, उकिरडा उचलणं, नाली काढणं, हा पूर्ण अंगाचा व्यायाम होतो. आम्ही तो दर रविवारी अर्धा तास चालू ठेवला आहे.

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून मंडई, म्हणजे गावजत्रा, आणि रात्रभरची नाटकं सुरू होतात. नाटक पाहून आलात तर दुसऱ्या सकाळचा व्यायाम सोडा, संध्याकाळी करा. एक दिवस चुकला तर चुकू द्या, लागोपाठ दोन दिवस चुकू देऊ नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा, घरातल्या सगळ्यांना दिसेल अशी.

फेब्रुवारीच्या मध्यावर, हरभरा घाटे धरून पिवळा पडायला लागला की सकाळचा गारठा कमी होतो. तेव्हा दर आठवड्याला पंधरा मिनिटं अलीकडे सरकत या. साडेसातचे सव्वासात, मग सात, पावणेसात. मार्चअखेर तुम्ही सहाच्या आसपास पोहोचलेले असाल, आणि उन्हाळ्याची वेळ आपोआप सापडलेली असेल.